हायाबुसावरचा दुसरा आवाज

ही गोष्ट खरी आहे. मी बनवली असती तर तिला धड शेवट तरी दिला असता.

घडली ती आमच्या रायपूरला, गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी. रात्री नाही बरं का! चांगलं उजाडलं होतं. दूधवाले फिरून गेले होते. भुतं उजेडाला भितात असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं जरा जपून वाचा.

ज्याच्यासोबत घडली तो माझा सौमित्रकाका. बाबांचा धाकटा भाऊ. मालगाडी चालवतो, लोको पायलट आहे. आमच्याच क्वार्टरमध्ये राहतो. म्हणजे राहतो कसला, झोपायला येतो. तीही झोप त्याला कधी पुरत नाही. ताटावर बसल्या बसल्या त्याची मान कलते आणि आई हळूच वरणाची वाटी बाजूला सरकवते.

जागा असतो तेव्हा मात्र एकच विषय. जगातली सगळ्यात वेगवान बाइक.

“काका, एच-टू-आर! चारशेला टेकते ती,” मी म्हणायचे.

“ते ट्रॅकची आहे, पोट्टे. ना हेडलाइट, ना पासिंग. जिले नंबर प्लेट लावून घरी आणता येते, तिलेच म्हणाव बाइक.”

“म्हणजे पुन्हा तुमची हायाबुसा!”

“हव! नव्याण्णव साली आली अन् तीनशेच्या पार गेली. मग बाकीच्या कंपन्याही मागे लागल्या. शेवटी सगळेच घाबरले. आपसात ठरवलं, दोनशे नव्याण्णवच्या वर कोणी जायचं नाही.”

“अन् त्याच्या पुढे?”

“पुढे कुलूप.” एवढं बोलून काका जांभई द्यायचा.

त्याच हायाबुसावर काकाला बसायला मिळालं, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

पुष्कर हा काकाचा शाळेपासूनचा मित्र. रायपूरच्या पंडरी बाजारात त्याचं कापडाचं दुकान आहे. त्याने जुनी हायाबुसा घेतली आणि महिनाभरात त्याची कंबर धरली. रविवारी सकाळी काका नाइट ड्यूटी करून स्टेशनाबाहेर पडतो न पडतो, तोच पुष्करचा फोन.

“सोम्या, बॅटरी बसून जाईल बे तिची. नव्या रायपूरची एक चक्कर मारून आण ना.”

“अबे, मी रातभर जागून राहिलो. आता घरी जाऊन पडतो.”

“पड ना मग. मी भार्गवले सांगतो. तो तर एका पायावर तयार आहे.”

भार्गव म्हणजे त्यांच्याच वर्गातला, काकासारखाच बाइकवेडा. त्याचं नाव निघालं आणि काका पंडरीच्या रिक्षेत बसला.

अंग आंबलं होतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. पण दुकानाखाली ती उभी होती. काळी, लांब, पाण्यातून आत्ताच बाहेर आल्यासारखी.

मागच्या सीटवर पुष्करने कुबडासारखं कव्हर बसवलं होतं. तिथे दुसरा माणूस बसूच शकत नाही.

तरी मागच्या माणसाचं डावीकडचं पायदान उघडं होतं…

काकाने बुटाने ते वर मिटवलं आणि निघाला.

नव्या रायपूरचे रस्ते तुम्ही पाहिले असतील तर माहीत असेल. रुंद, सरळ, आणि रविवारी सकाळी माणूस दिसेल तर शपथ. त्या दिवशी धुकंही होतं. जागोजागी पातळ, जागोजागी कापसासारखं.

काकाने वेग वाढवला. काटा झरझर चढला. वारा हेल्मेटवर बुक्के मारायला लागला.

आणि त्या वाऱ्यातही… त्याला झोप यायला लागली.

आता एक सांगायला हवं. इंजिनात दोघं असतात. लोको पायलट आणि त्याचा असिस्टंट. समोर सिग्नल दिसला की एकाने हात लांब करून, बोट दाखवून मोठ्याने सांगायचं, “ग्रीन!” दुसऱ्यानेही बोट दाखवून तेच म्हणायचं, “ग्रीन!” एक जण पेंगत असेल तर लगेच कळतं. काकाच्या अंगात ही सवय इतकी मुरली आहे की बाजारात सोबत गेलं तर ट्रॅफिक सिग्नललाही त्याचा हात वर होतो. मला तर लाजच वाटते.

जागं राहायला त्याने तेच सुरू केलं. हेल्मेटमध्ये, एकट्यानेच.

समोर चौक आला. मोकळा.

“ग्रीन!” काका ओरडला.

“ग्रीन.”

पुढे पूल. मोकळा.

“ग्रीन!”

“ग्रीन.”

काकाला काहीच खटकलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याने हाक दिली आणि उत्तर आलं नाही, असं कधी झालंच नव्हतं.

तिसऱ्या की चौथ्या हाकेनंतर त्याच्या लक्षात आलं.

इथे उत्तर कोण देतंय?

आवाज मागून येत होता. अगदी मानेजवळून. त्या वेगात स्वतःचं ओरडणं स्वतःला ऐकू येत नाही. आणि हा माणूस सावकाश बोलत होता… वारा त्याला लागतच नसल्यासारखा.

काकाने आरशात पाहिलं. कव्हर. धुकं. रिकामा रस्ता.

तुम्ही म्हणाल, मग थांबला का नाही? मीही हेच विचारलं. काका म्हणाला, “भीती वाटली ना. पण तुले खरं सांगू? बरं पण वाटलं. वाटलं, कोणीतरी जागं आहे. आता मी थोडा थकलो तर चालते.”

मग त्या आवाजाने आधी बोलायला सुरुवात केली.

“यलो.”

समोर काही नव्हतं. तरी काकाचा हात आपोआप सैल झाला. वेग उतरला. आणि धुक्यातून उसाचा ट्रॅक्टर आडवा निघाला. दिवा नाही, काही नाही.

“ग्रीन.”

काकाने वेग वाढवला. रस्ता खरंच मोकळा.

“रेड.”

ब्रेक. दोन कुत्री रस्त्याच्या मधोमध भांडत होती.

“ग्रीन.”

काका सांगतो, तेव्हा त्याने बघणंच सोडून दिलं होतं. डोळे उघडे होते, पण बघत तो होता. मागचा. काका नुसता ऐकत होता. गादीवर पडल्यासारखं वाटत होतं, म्हणे.

धुकं दाट झालं.

“ग्रीन,” आवाज म्हणाला.

काकाने मूठ पिळली. बाइकने अशी झेप घेतली की त्याची मान मागे गेली.

“ग्रीन…”

या वेळी आवाज जरा घाईत होता.

आणि काकाने ती चूक केली, जी कुठलाही बाइकवाला करणार नाही. इंजिनात करतो तसा, त्या वेगात, डावा हात हँडलवरून सोडला आणि बोट समोर दाखवलं. “ग्रीन!”

वाऱ्याने हात मागे फेकला. बाइक थरथरली.

पण बोट दाखवलं की डोळे बोटामागे जातात. म्हणून तर ही पद्धत आहे.

बोटाच्या पुढे शिंगं होती.

गाईगुरांचा अख्खा कळप. रात्रभर गार पडलेल्या शेतातून उठून डांबरावर येऊन बसलेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

काकाने काय केलं ते त्यालाही आठवत नाही. बाइक थांबली तेव्हा एका गाईचा श्वास हेल्मेटच्या काचेवर उमटत होता. ती उठलीसुद्धा नाही.

इंजिन बंद झालं होतं.

सगळं शांत.

मागे… खूप जवळ… कुणीतरी जिभेने ‘च्च’ केलं.

काका उतरून पळाला. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा गुराखी कांबळं पांघरून उभा होता. त्याने काकाला खालून वर पाहिलं.

“अकेल्ला हस का, भैया?”

“हव, बाबा. अकेलाच हूँ.”

“गाड़ी के आवाज तो नइ आइस,” म्हातारा म्हणाला. “दू झन के गोठियाय के आवाज आवत रिहिस.”

गाडीचा आवाज त्याला आलाच नव्हता. आला होता तो दोघांच्या बोलण्याचा.

काकाने वळून पाहिलं. हायाबुसाची मागची दोन्ही पायदानं उघडी होती…

बाइक तो परत घेऊन आला. चालवत नाही, छोट्या टेम्पोत चढवून. पुष्कर कंबर धरून खाली आला.

“काय बे, पडला का काय?”

“नाही. तुझ्या मागच्या पायदानाचा खटका ढिला झाला. सारखं उघडून राहिलं.”

“कोणतं पायदान?”

“मागचं.”

“सोम्या, जा, झोप जाऊन. कव्हर लावलं तेव्हाच काढून टाकले मी ते. वर दुकानात पडले आहेत.”

दोघांनी वाकून पाहिलं. पायदानाच्या जागी नुसती बोल्टची भोकं होती.

पुढे पुष्करने बाइक विकली. कोणाला, ते काकाने विचारलं नाही. विषय तिथेच संपला असता.

पण दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, काकाची ड्यूटी होती. भर दुपारी, स्वच्छ ऊन. सोबत ज्ञानदा नावाची असिस्टंट होती, नागपूरची, नवीनच लागलेली. तीन-चार सिग्नल गेले. मग म्हणाली,

“सर, एक विचारू? रागावू नका हं.”

“विचार.”

“मी सांगायच्या आधीच तुम्ही रिपीट कसं काय करून राहिले? आत्ताचा सिग्नल तर मले अजून दिसलाच नाही. वळणाच्या आड आहे तो.”

काकाने वळून तिच्याकडे पाहिलं. आत्ताच तर हाक ऐकली होती त्याने. त्याला वाटलं होतं, ज्ञानदाच बोलली.

वळण सरलं. सिग्नल दिसला.

यलो. काका म्हणाला होता तसाच.

हे त्याने फक्त मला सांगितलं आहे. मी त्याच्या हातापाया पडले. म्हटलं, काका, साहेबांना सांगून टाका ना. पण सांगितलं की मेडिकल होणार. मेडिकल झालं की इंजिनावरून उतरवणार, कायमचं. आणि काकाला दुसरं काही येत नाही.

“तो चुकला तर सांगतो ना,” काका म्हणाला. “इतके दिवस झाले. एकदाही चुकला नाही.”

रस्त्यावरही तो एकदाच चुकला होता. शेवटी.

आज सकाळी पुन्हा ड्यूटीचा कॉल आला. मी डबा भरून दिला. खूप दिवसांनी काकाच्या डोळ्यांखाली काळं दिसलं नाही. मी विचारलं, “झोप झाली वाटतं?”

“झोप कुठची. पण आजकाल इंजिनावर थकवा येतच नाही, पोट्टे.” तो हसला. “निवांत बसतो मी.”

बाबा बाहेर पेपर वाचत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली.

काकाचं सांगायला मला अजून तोंड उघडता आलेलं नाही.