गजराबाईचं ‘येस’

नंदुरबारच्या मिरची बाजारालगत भीकमचंदशेठचं कापड दुकान आहे आणि दुकानाच्या वर त्यांचंच एफएम स्टेशन. काचा कितीही घट्ट लावा, हंगामात तिखट हवा आत शिरतेच आणि निवेदिकेला ऐन गाण्याआधी ठसका लागतो.

पहिली निवेदिका गजराबाई. तिचा चेहरा फारसा कुणी पाहिला नव्हता, आवाज मात्र घराघरांत होता. कार्यक्रम संपवताना ती म्हणायची, “येस हां.” अहिराणीत निघताना ‘जास’ म्हणत नाहीत, जाणारा माणूस ‘येस’, म्हणजे येतो किंवा येते, असंच म्हणतो. पुण्याहून आलेल्या साउंडवाल्याला ते इंग्रजी ‘यस’ वाटलं होतं, आणि त्यावरून ती त्याला कायम चिडवायची. गेल्या होळीच्या सुमारास ती परगावच्या दवाखान्यात वारली. तिची खुर्ची तिनेच शिकवलेल्या ममताला मिळाली.

पण ऐकणारे रोडावले. वर्धापनदिनाच्या आठवड्यात फोन आले नाहीत तर स्टेशन बंद, असं शेठनी सांगूनच टाकलं. त्या खुर्चीवाचून ममताला आपलं काही उरेल असं वाटत नव्हतं. तिने स्टेशनचा इतिहास सांगायला घेतला आणि रोज शेवटी गजराबाईचं ‘राम राम’ आणि ‘येस हां’ असं निरोपाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं.

फोन आले. लोक रडले. मग लांबच्या पुरुषोत्तमनगरहून एकाने विचारलं, गजराबाई अशा पायी का फिरतायत? ममता हसली, कुणीतरी नक्कल करत असेल. दुसऱ्या दिवशी त्याहून जवळच्या रनाळ्याच्या फुलवंताबाईंचा फोन लागला.

“गजराबाई उनी व्हती. पानी पिनी, नंदुरबार किती लांब शे इचारं, नि चालनी गयी.”

“मावशी, ती नही व्हई. तुम्ही तिले कधी देखं का?”

“देखं नही. पन आवाज वळखत नही का आम्ही?”

रोज स्टेशनवरून ‘येस’ म्हणते, म्हणून तर ती येत नसेल ना, असं ममताच्या मनात आलं. रेकॉर्डिंग थांबवू या, असं तिने शेठना विनवलं. ते ऐकेनात, जाहिराती परत येऊ लागल्या होत्या. शेवटी तिने कुणाला न सांगता त्यातला ‘येस’ तेवढा कापला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रेकॉर्डिंग लागलं. राम राम झालं. कापलेल्या जागी शांतता यायला हवी होती.

ठसका आला.

स्पीकरमधून नव्हे, पाठीमागून.

“उनी मी, ममता. ऊठ आते.”

गजराबाई खरंच आली होती, पण ममताला मान वळवता येईना. भीती वाटलीच, पण खरं तर वाईट जास्त वाटलं. खुर्ची गेली. ती उठली आणि भिंतीला धरत दारापर्यंत पोचली.

मागे खुर्ची करकरली. पाण्याचा रिकामा पेला मेजावर टेकला.

दार ओढून घेताना जन्माच्या सवयीने ममताच्या तोंडून निघून गेलं, “येस हां.”

आत माइक चालूच होता.