विहिरीजवळची शांतता

मेलेल्या बाईचं नाव पुसायचं आणि वर पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं, ‘ही सत्यकथा आहे’. लाज कशी वाटत नाही तुम्हाला?

१९३७ साली मी हॉलिवूडच्या एका स्टुडिओत संशोधन विभागात होते, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. काम साधं होतं. डॉक्टर ऑल्डन प्रुइट यांच्यावरच्या चरित्रपटासाठी जुनी कागदपत्रं वाचायची आणि कोटाला बटणं किती, गावात दिवे कसले, ते सांगायचं.

ओहायोतल्या एका गिरणीगावाला प्रुइटनी विषमज्वरातून वाचवलं, रोगट विहिरीचं पाणी कुणी काढू नये म्हणून तिचा दोर स्वतः कापला, असं सगळे सांगत. गावाच्या दप्तरात वेगळंच निघालं. दोर कापला होता टॅबिथा कोल नावाच्या, लोकांचे कपडे धुणाऱ्या बाईने. डॉक्टर त्या आठवड्यात गावातच नव्हते. लोकांनी तिला मारलं, कोठडीत टाकलं. अकराव्या दिवशी त्याच तापाने ती तिथे मेली.

मी सगळं लिहून दिलं. लेखकाने तिच्यासाठी भूमिकाही लिहिली. निर्माते गोरहॅम यांनी ती एका सकाळीत उडवली.

“लोक डॉक्टर बघायला येतात, कॉलेजकन्ये. धुणंवाली नाही.”

विहिरीचा प्रसंग सकाळी अकराला घेतला. बाहेर लख्ख ऊन, पण चित्रीकरणाच्या शेडला खिडकी नाही. दिवे सोडले तर सगळीकडे काळोख, आणि ओल्या प्लास्टरचा वास. विहीर लाकडी फळ्यांची, जेमतेम गुडघाभर खोल. आत थेंबभर पाणी नव्हतं. नटाने दोर कापला, टाळ्या पडल्या.

मग ध्वनिमुद्रक ईवारने हात वर केला. म्हातारा, स्वीडनचा. प्रत्येक जागेची स्वतःची शांतता असते, संवादांमधल्या फटी भरायला तीही मुद्रित करतात. अर्धं मिनिट सगळे होते तिथे थिजले.

ईवारच्या कानांवर यंत्र होतं. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

“कोण कापतंय?” तो पुटपुटला.

“काय?”

“दोर... कुणीतरी दोर कापतंय, पोरी.”

दोर जमिनीवर पडला होता, दोन तुकडे होऊन.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी ती शांतता ऐकली. आधी काहीच नाही. मग सुरीचा खरखर आवाज, सावकाश, एकेक धागा तुटत असल्यासारखा... शेवटी बादली सुटली. पाण्याच्या आवाजाची मी वाट पाहत राहिले. तो आलाच नाही. बादली पडतच राहिली... आणि मग अगदी कानाशी, दमलेल्या बाईचा श्वास.

“मी कापला.”

ईवारने यंत्र बंद केलं. “काल तिथे बाई म्हणून तू एकटीच होतीस.”

“मी तोंडसुद्धा उघडलं नाही.”

“माहीत आहे. म्हणून तर घाम फुटलाय मला.”

गोरहॅमनी ते ऐकलं आणि हसले. “उंदीर असतील. त्या प्रसंगाला आवाजच नको, मुका जाऊ दे.” मग माझ्यापुढे एक कागद सरकवला. ‘चित्रपटातलं सर्व काही कागदपत्रांनुसार आहे.’ खाली माझं नाव टंकलेलं.

“सही कर.”

“नाही करणार.”

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

“नाही येणार. कापलेला दोर तुम्हाला हवा, कापणारी नको. अशा कागदावर माझं नाव लागणार नाही.”

घरभाड्याची काळजी होती, आवाजाची भीती त्याहून जास्त. पण सही केली असती तर मीही त्या कोठडीला कुलूप लावणाऱ्यांतली झाले असते.

तीन आठवड्यांनी ईवारने कळवलं, रविवारी दुपारी पॅसाडिनात चाचणीचा खेळ आहे. अशा खेळाला प्रेक्षक येतात आणि शेवटी कार्डांवर मत लिहून देतात. मी तिकीट काढून बसले.

विहिरीचा प्रसंग आला. आवाज बंद झाला. मला पडद्यावर डॉक्टर दिसत होता, सुरी, दोर. बस, एवढंच. पण आजूबाजूचे लोक पुढे झुकले. शेजारच्या बाईने तोंडावर हात दाबला. कुठेतरी एक लहान मूल रडायला लागलं...

खेळ संपल्यावर गोरहॅम बाहेरच्या दालनात कार्डं धरून उभे होते. चौथ्या कार्डापुढे गेलेच नव्हते. मी गठ्ठा त्यांच्या हातातून काढून घेतला.

‘विहिरीवरच्या बाईने रडवलं.’

‘डॉक्टरपेक्षा ती भिजल्या बाह्यांची बाई लक्षात राहते.’

‘कोण आहे ती?’

त्या चित्रपटात बाई नव्हती.

“किती जणांना पढवलंस?” गोरहॅम म्हणाले. आवाज फाटला होता.

“टॅबिथा कोल. पडद्यावर नाव घाला, साहेब.”

“मी जिवंत असेपर्यंत नाही.”

तेवढ्यात थिएटरात जागा दाखवणारी ओपल नावाची मुलगी उरलेली कार्डं घेऊन आली.

“मॅडम, एवढं छान काम केलंय तिने, मग नावांच्या यादीत का नाही ती?” मग गोरहॅमकडे पाहून तिने आवाज खाली आणला. “आणि हे साहेब तिचे कोण लागतात? मागच्या रांगेत बसले होते ना... पडद्यावरून सगळा वेळ ती यांच्याकडेच बघत होती.”