एबिसूचं दार

उन्हं कलली तशी मिसाओ नवऱ्याचे कोरडे कपडे पोटाशी धरून धक्क्यावर आली. वादळात होडीवरून पडलेला तोकुजी सापडला, एवढाच निरोप तिला मिळाला होता. पुढचं विचारायचं धाडस तिला झालं नव्हतं.

धक्क्यावर तोकुजी नव्हता. होते ते बांगडे, होड्यांच्या काठापर्यंत भरलेले, अजून तडफडणारे.

"कपडे परत ने, सूनबाई," गेन्पाची तांडेल जाळं झटकत म्हणाला. "देवाला देवळात कपडे असतात."

समुद्रात तरंगता मिळालेला मुडदा म्हणजे एबिसू, मासळीचा देव. होडीत घेण्याआधी त्याला विचारायचं, मासळी देशील का? मग मेलेल्याच्या वतीनं एखाद्या खलाशानं 'देतो' म्हणायचं. बेटावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

"त्यांच्या वतीनं कोण बोललं, काका?"

गेन्पाचीनं मान वर केली नाही. "कुणी नाही. तोच बोलला."

"म्हणजे... जिवंत आहेत ते?"

"शब्द दिलाय त्यानं. आता तो तुझा नाही. अन् ही मासळी तूही खाणारच आहेस की."

ती धावतच टेकाडावरच्या देवळाशी आली. सासू बंद दाराला पाठ टेकून बसली होती. फटीतून शेवाळाचा वास येत होता, आणि त्याखाली दुसराच एक, गोडसर, घशाशी येणारा.

"मिसाओ..." आतून तोकुजीचा आवाज. "घरी ने मला..."

"ओ देऊ नकोस," सासू हळूच म्हणाली. "तू ओ दिलीस की तो पुन्हा माणूस होईल. मग बेटानं काय खायचं?"

"आई, तुमच्या पोटचा आहे तो..."

"म्हणून तर सांगते. जिवंतपणी त्याला कधी धड टोपलीभर मासळी गावली नाही."

मिसाओनं तिला बाजूला लोटलं आणि दार उघडलं.

पांढऱ्या कपड्यांत, भिंतीला टेकून तो एकटाच बसला होता. फुगलेला, निळा. ओठ खेकड्यांनी खाल्ले होते. तोंडाच्या पोकळीत जीभ नव्हती.

"असाच मिळाला," सासू मागून म्हणाली.

"दार लाव, मिसाओ," त्या पोकळीतून आवाज आला. "थंडी वाजते..."

"नवऱ्याचं ऐकावं, बाई."

मिसाओच्या हातांनी दार लावलं. आत त्यानं सुटकेचा उसासा टाकला... आणि त्याच्या अगदी शेजारून, जिथं कुणीच नव्हतं तिथून, दुसरा एक उसासा आला, लहानसा, ओला.