वळणावरच्या तुटक खुणा

"हे मी बसवलेले नाहीत!"

मेस्त्री चौकीच्या आवारात चेपलेल्या सेडानच्या पुढच्या चाकामागे डोकं घालून बसला होता. इन्स्पेक्टर बाई त्याच्या शेजारी उकिडव्या बसल्या.

चार दिवसांपूर्वी ही पांढरी गाडी वळणावरून खाली गेली होती. नवरा चालवत होता, तो वाचला. शेजारी बसलेली बायको जागीच गेली. आदल्याच आठवड्यात मेस्त्रीने पुढच्या चाकांचे धक्के झेलणारे दोन्ही शॉकअप नवे घातले होते. अपघातानंतर गाडीखाली निघाले ते जुने, तेल गळून ओले झालेले. मेस्त्रीला चौकीत आणून बसवलं, आणि बाहेर एकच बोभाटा झाला: नव्याच्या नावाखाली जुनं माथी मारलं.

"त्यांचेच जुने पुन्हा बसवलेस?"

"त्यांचे जुने माझ्या भंगारात पडलेत, बाई. त्यातला एकच गळत होता. हे दोन्ही पार गेलेत. घरच्या गाडीचे इतके झिजत नाहीत. रोज मरमर पळणाऱ्या गाडीचे झिजतात."

"झिजले की काय होतं?"

मेस्त्रीने बाजूला उभ्या पोलीस जीपचा पुढचा कोपरा दाबून सोडला. जीप दबली, वर आली, थांबली.

"हा चांगला. गेलेला असला की गाडी डुलतच राहते. खड्ड्यात चाक उड्या मारतं. मग ब्रेक दाबा नाहीतर उभे राहा त्याच्यावर, चाकाला रस्ता सापडायला हवा ना!"

बाई वळणावर गेल्या. रस्त्यावर टायरच्या काळ्या खुणा होत्या. सलग नव्हत्या, तुटक तुटक, धावदोरा घातल्यासारख्या.

तिथून त्या गाडीमालकाच्या घरी गेल्या. अंगणात त्याच्या मुलाची टॅक्सी उभी होती. वडिलांच्या गाडीचंच मॉडेल, पण सीट फाटलेल्या, दारांना पोचे पडलेले. बुटातला खडा काढायला बाईंनी पुढच्या कोपऱ्यावर भार दिला. टॅक्सी दबली, वर आली, थांबली.

अपघातातून वाचलेले काका हात गळ्यात बांधून खुर्चीत बसले होते. मुलगा दाराला टेकून उभा.

"काका, पुन्हा एकदा सांगा. काय झालं?"

"मला डुलकी लागली. चूक माझी. त्या मेस्त्रीला सोडून द्या."

"कुठे निघाला होतात?"

"सहज. फिरायला."

"गाडीचं काम मुलाकडून का नाही करून घेतलंत?"

"त्याला सगळं येतं हो," काकांच्या आवाजात एवढ्यातही कौतुक डोकावलं. "टॅक्सीचं सगळं स्वतःच करतो. पण घरच्या गाडीला वेळ कुठे मिळतो त्याला!"

बाई बाहेर गेल्या. टॅक्सीच्या चाकामागे टॉर्च मारला. आत आल्या तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून काकांच्या अगदी समोर घेतली.

"काका, डुलकी लागलेला माणूस ब्रेक दाबत नाही. तुम्ही दाबलात. रस्त्यावर तुटक खुणा आहेत, म्हणजे चाकं उड्या मारत होती. तुम्ही पूर्ण जागे होतात. मग खोटं कुणासाठी?"

काकांची नजर दाराकडे गेली.

"गाडीखालचे शॉकअप तुमचे नाहीत. सारख्याच मॉडेलच्या, रोज पळणाऱ्या गाडीचे आहेत. आणि त्या खिळखिळ्या टॅक्सीत एवढेच दोन भाग काळेभोर, कोरे करकरीत आहेत. स्प्रिंगसकट उचलून इकडचे तिकडे बसवलेत. हे काम येणारा माणूस या घरात एकच आहे."

मुलगा भिंतीला धरून खाली बसला.

"आरटीओत पासिंग होतं टॅक्सीचं," तो म्हणाला. "दोनच दिवसांसाठी घेतले होते. पास झाली की परत बसवणार होतो. हे दोघं कुठे जायचे नव्हते. मला काय माहीत, फिरायला निघतील!"

"तुम्हाला कधी कळलं, काका?"

"दवाखान्यातून ह्याच टॅक्सीतून घरी आलो. तोवर ती प्रत्येक खड्ड्यात खडखडायची. त्या दिवशी एकदाही वाजली नाही."

"आणि तुम्ही फिरायला निघाला नव्हतात. तो रस्ता पासिंगच्या मैदानाकडे जातो. काकूंच्या फोनवरून त्या दिवशी सकाळपासून एकाच नंबरला..."

"बाई!" काका ताडकन उठले. "तेवढं राहू द्या. पाया पडतो."

पण मुलाने मान वर केली होती.

"आईचे फोन मी उचलले नाहीत," तो सावकाश म्हणाला. "म्हटलं, गाडीचं विचारेल. बाबा... मी उचलत नाही म्हणून ती मला बघायला येत होती?"

काकांनी तोंड फिरवलं. मुलाच्या तोंडून असा काही आवाज निघाला की बाहेरचा हवालदार आत धावला.

थोड्या वेळाने मुलगा स्वतःच उठला आणि हवालदारासोबत चालू लागला. काका उंबऱ्यापर्यंत आले.

"मी आता ह्या घरात एकटा राहायचं. हे सुचलं नाही तुम्हाला?"

"सुचलं, काका," बाई म्हणाल्या. "पण मेस्त्रीच्या घरीही माणसं वाट बघतायत."

काकांनी मान हलवली. मग आत जाऊन मुलाचा स्वेटर आणला आणि एका हाताने, जमेल तसा, त्याच्या खांद्यावर टाकला.