काळ्याच्या कडेचं हिरवं

"हा डोंगराचा उतार कुठला, माहीत आहे तुम्हाला?"

मी मान वर केली. धुळकट बुटांचा एक उंच माणूस सात नंबरच्या फोटोकडे बोट दाखवत होता. मी खांदे उडवले... खरं तर तो फोटो माझाच होता. आणि उतार कसला हो, आमच्या स्वयंपाकघरातलं पातेलं होतं ते!

हिजरी वर्षाच्या पहिल्या दिवशी मुलुखिया शिजवली की वर्ष हिरवंगार जातं, म्हणून आई दरवर्षी तो हिरवा रस्सा सहा तास मंद आचेवर ठेवते. यंदा मला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मी फोनवर गप्पा मारत बसले आणि पातेलं जळलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी मात्र रडता रडता तळाचा फोटो काढला. सगळं काळंकुट्ट, आणि कडेला एक हिरवी रेघ.

ट्यूनिसमधल्या या गॅलरीच्या मालकीणबाई, लल्ला झोहरा, नियमाच्या पक्क्या. फोटोंना नावं द्यायची नाहीत. काय दिसलं ते बघणाऱ्याने चिठ्ठीवर लिहायचं. फोटो काढणारीने शेवटच्या संध्याकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही. त्यामुळे मी आठवडाभर कारकुनासारखी चिठ्ठ्या गोळा करत बसले होते. सात नंबरात एका आजींना नवऱ्याची मिशी दिसली होती, कुणाला ग्रहण.

त्या उंच माणसाचं नाव स्कंदर. लिफ्ट दुरुस्त करायचा. काम सुटलं की रोज यायचा, अर्धा तास त्या एकाच फोटोसमोर. मलाही सवय लागली... पाच वाजले की माझी नजर दाराकडे.

"दिवसभर इथे बसता, तुम्हाला काहीच दिसत नाही यात?" एकदा त्याने चिडवलं.

"मला ना... जेवण दिसतं."

तो खळखळून हसला. दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळलेली, तेलात तळलेली गरम गोड बंबालूनी माझ्या टेबलावर ठेवली, साखर भुरभुरलेली. भुकेल्या माणसाला काहीही दिसतं म्हणाला. मी बोटं चाटत होते आणि तो फोटो सोडून माझ्याकडे बघत होता.

गुरुवारी त्याने सांगितलं. त्याचं गाव ऐन द्राहम. बाटल्यांची बुचं ज्यांच्या सालीची होतात, त्या झाडांचं जंगल. वडिलांचा सगळा जन्म त्या साली सोलण्यात गेला. तीन वर्षांपूर्वी वणवा लागला, आणि तेव्हापासून त्याला तिकडे बघायचा धीर झाला नव्हता.

"हा फोटो बघितला आणि वाटलं, परत पालवी फुटतेय तिथे. हा उतार तिथलाच ना, तेवढं फोटोवाल्याला विचारतो. मग नोकरी सोडून जाणार."

गप्प बसावं तर तो एका जळक्या पातेल्याच्या भरवशावर नोकरी सोडणार. खरं सांगावं तर इथेच राहील, पण चेहऱ्यावरचं हे तेज जाईल. आणि मला तो हवा होता. तेजासकट हवा होता.

शनिवारी, प्रदर्शनाच्या शेवटच्या संध्याकाळी, लल्ला झोहरांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. मी फोटोवाली आहे हे कळताच त्याच्या भुवया वर गेल्या. सात नंबरपाशी येईपर्यंत मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. तरी सांगितलं... जळलेली मुलुखिया. सगळे हसले. तो हसला नाही, भिंतीशी गेला आणि बराच वेळ बघत राहिला. लोक पांगले तशी मी माफी मागितली.

"माफी कशाला? मला अजून उतारच दिसतोय."

"पण स्कंदर, तिथे खरोखर सगळं काळंच असलं तर?"

"म्हणून तर एकट्याने जायची भीती वाटते." तो अडखळला. "मंगळवारची बस आहे, एम्ना. तू... येशील?"

पहिल्यांदाच त्याने मला 'तू' म्हटलं होतं. तिथे काय दिसेल, मला काही माहीत नव्हतं. मी त्याचा हात धरला आणि बस किती वाजता सुटते ते विचारलं.