घरच्यांची साक्ष

माझ्या धक्क्याने त्याचा डबा कालव्यात पडला, आणि सॉरीसुद्धा न म्हणता मी ओरडले, "वर बघा... वर!"

पुलावर त्या सकाळी धुकं होतं. आकाशाकडे बघत मी मागे मागे सरकत होते, आणि कठड्याला टेकून हा माणूस शांतपणे डबा खात उभा होता. त्याने आधी बुडणाऱ्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग कुठे वर. तोवर काळा करकोचा तलावाच्या दिशेने निघून चालला होता.

"मान काळी होती ना? पाहिलीत ना तुम्ही?"

"पक्षी मोठा होता," तो म्हणाला. "मानेचं... नाही सांगता येणार."

आता हे मानेचं प्रकरण सांगायला हवं. पांढऱ्या मानेचे करकोचे आमच्याकडे पैशाला पासरी. काळ्या मानेचा मात्र हिवाळ्यात कधी चुकूनमाकून येतो. आमच्या पक्षी गटाचा नियम असा की, दुर्मीळ पक्षी एकट्याने पाहिला तर नोंदीत धरत नाहीत, दोघांनी पाहायला हवा. माझ्या बाबांनी तो पूर्वी एकदा एकट्याने पाहिला होता. गटाची नोंदवही ठेवणाऱ्या मास्तरांनी नकारार्थी मान हलवली, आणि तेव्हापासून गटात बाबांचंच नाव 'करकोचा' पडलं. बाबा ते हसण्यावारी नेतात. पण गुडघ्यांनी त्यांना घरी बसवल्यापासून मी फिरून आले की दारातच विचारतात, "आला का गं?" या हिवाळ्यात तो गटाकडून धरून घ्यायचाच, असं मी ठरवलं होतं. पण त्या सकाळी मोबाइलमध्ये फोटो आला तो एका ठिपक्याचा, आणि ठिपक्याला मान नसते.

म्हणून मी त्या अनोळखी माणसाला चक्क गळ घातली. काळी होती, एवढंच म्हणा, तुमचं काय जातंय?

"दिसली नाही तर काळी कशी म्हणू?" तो म्हणाला. रागावून नव्हे, अगदी साधेपणाने. आणि मग हळूच, "डब्याचं मात्र तुम्ही काहीच बोलला नाहीत."

मला राग आला, आणि हसूही आलं. हसू जास्त आलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

एवढा मोठा पक्षी डोक्यावरून गेला आणि याला मान दिसली नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दुसऱ्याच दिवशी त्याला नव्या डब्याच्या मिषाने बोलावलं आणि खुर्चीत बसवलं. तक्त्याच्या तिसऱ्या ओळीपासून स्वारी अंदाजपंचे वाचायला लागली. लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम. सगळं हाताच्या अंतरावर, त्यामुळे लांबचं दिसत नाही हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

चष्मा तयार झाल्यावर तो घालून तो दुकानाच्या दारापर्यंत गेला, वळला, आणि बघतच राहिला.

"काय दिसतंय?"

"तुमच्या हनुवटीवर तीळ आहे," तो म्हणाला. "इथून दिसतो."

मी उगाचच काउंटर पुसायला घेतलं.

मग मी साक्षीदार तयार करायचा चंगच बांधला. दर रविवारी आम्ही तलावाच्या काठी जायला लागलो. चोच बघ, पाय बघ, उडताना पोट बघ. तुम्हीवरून तू कधी झालं ते कळलंच नाही. तो बोलायचा कमी, म्हणून मी त्याचं नाव मुद्दाम उलटं ठेवलं, गप्पीदास. या नावाचा एक चिमुकला पक्षी आहे, झुडपाच्या शेंड्यावर बसून सारखी कुरकुर करणारा. त्यावर त्याने विचारलं, गटातले तुला काय म्हणतात? टिबुकली, मी सांगितलं. पाण्यातली ती इवलीशी, सारखी बुडी मारणारी.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "काही विचारावं म्हटलं की तू बुडी मारतेस."

"काय विचारायचंय?"

"काही नाही... ते बघ, बगळा."

त्या हिवाळ्यात सगळ्या भागात नवल चाललं होतं. मिठागरांत रोहित पक्षी उतरले, कोर्टाच्या छपरावर निळा कस्तुर येऊन बसला, दगडाच्या खाणीत कुणाला लहान कानांचं घुबड दिसलं. नव्हता तो फक्त माझा करकोचा. घरी बाबा विचारायचे, आणि मी नाही म्हणून चपला काढायची.

एकदा थर्मासमधला चहा ओतताना मी त्याला नियमाचा उरलेला अर्धा भाग सांगितला. घरच्यांची साक्ष चालत नाही. एका नवऱ्याने बायकोच्या क्रौंचाची शपथेवर ग्वाही दिली होती, आणि तो क्रौंच निघाला शेतातलं बुजगावणं. घरच्यांना आपला तो बाब्याच दिसतो, असं मास्तरांचं म्हणणं. मला वाटलं गप्पीदास हसेल. पण तो चहात बघत राहिला.

हिवाळा सरला. गटाची वर्षाची बैठक होती त्या सकाळी आम्ही शेवटचं म्हणून काठावर जाऊन बसलो.

"मला एक सांगायचंय," तो म्हणाला. "मला... साक्षीदार राहायचं नाही."

मी विचारलं, "कंटाळलास?"

"कंटाळलो असतो तर सोपं होतं. तुझ्या घरचा झालो तर माझी साक्ष बाद होईल, हे कळतंय मला. तरी विचारतो... होऊ का?"

आणि तेवढ्यात, समोरच्या उथळ पाण्यात, तो उतरला.

मी त्याचा हात घट्ट धरला आणि फक्त "थांब," म्हणाले. त्याच्या प्रश्नाला की करकोच्याला, ते मलाही सांगता आलं नसतं. काळी मान, लाल चोच, लाल पाय. मोबाइल काढायचं दोघांनाही सुचलं नाही. करकोचा पाण्यात चार पावलं चालला, काहीतरी गिळलं आणि उडून गेला. आम्ही धावत बैठक गाठली.

माझी पाळी आल्यावर मास्तरांनी विचारलं, "दुसऱ्या कुणी पाहिला?" गप्पीदास उभा राहिला आणि त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण त्याने केलं. मान कुठपर्यंत काळी, पोट कुठून पांढरं, उडताना पाय कसे मागे. मास्तरांनी उलटसुलट प्रश्न विचारून पाहिले. त्याने कुठेही जास्तीचं सांगितलं नाही, दिसलं तेवढंच सांगितलं. अखेर मास्तरांचा चेहरा खुलला.

"आता नेहमीचा प्रश्न. तुमचं आपसांत काही नातं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. उत्तर त्याच्याकडे नव्हतंच. ते मी अजून दिलं नव्हतं.

एक 'नाही' म्हटलं असतं तर काम झालं असतं. बाबांचा करकोचा, माझा करकोचा, दोन्ही खरे ठरले असते. पण माझं तर सकाळी काठावरच ठरलं होतं. ज्याने माझ्यासाठीसुद्धा खोटं बोलायला नकार दिला, त्याच्याबद्दल मी खोटं बोलणार होते का?

"आहे," मी म्हणाले.

गप्पीदासाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मास्तरांनी आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं, आणि पेनाला टोपण लावलं.

"मग धरता येणार नाही, पोरी."

"ठाऊक आहे, मास्तर."

बाहेर आल्यावर माझे डोळे भरून आले. तो माझ्या अगदी जवळून चालत राहिला. मग म्हणाला, "बाबांना काय सांगायचं?"

"करकोचा आला, हे आधी सांगू. मग तुझं."

"आणि त्यांचा विश्वास नाही बसला तर?"

"कशावर?"

"दोन्हींवर."

"बसेल," मी त्याचा हात धरला. "चल लवकर, ते दारात वाट बघत असतील."