मंगळवारच्या एकवीस भेटी

“काम तसं किरकोळ होतं. दगडखाणीजवळच्या शेवटच्या घरी जायचं, एका बाईच्या औषधाच्या कार्डावर अंगठा घ्यायचा आणि परत यायचं. फार तर तासाभराचं.”

कंपाउंडर काकांनी इतकंच म्हटलं आणि पायरीवर बूड टेकवलं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी रात्री जेवण झालं की ते आरोग्य केंद्रात एक चक्कर टाकतच. त्या रात्री वीज गेली होती. नवा डॉक्टर आणि नवी नर्स मोबाईलच्या उजेडात गृहभेटींचं रजिस्टर पुरं करत बसले होते. आता पुरं करत होते म्हणजे काय, तर केंद्रात बसल्या बसल्या भेटी होत होत्या.

“कोणाचं काम, काका?” डॉक्टरनं पेन न थांबवता विचारलं.

“माझ्या शेजारच्या टेबलावर एक आरोग्य सेवक बसायचा. त्याला आम्ही ‘पायपीट’ म्हणायचो. कारण तो टेबलावरून हलायचा नाही.”

नर्स खुदकन हसली.

“हसू नकोस, बाई. माणूस वाईट नव्हता. बत्तीस वस्त्या आणि हा एकटा. दोन जागा चार वर्षं रिकाम्या. केंद्राची गाडी चार विटांवर उभी, तिच्यात कोंबडी अंडी घालायची. वरून रोज फोन यायचा, भेटी किती झाल्या? रोगी बरा झाला का, असं एकानंही कधी विचारलं नाही. मग तो लिहायचा. तुम्ही आत्ता लिहिताय तसं.”

पेन थांबलं. काका सांगू लागले.

खाणीवर खडी फोडणाऱ्या एका माणसाच्या बायकोला टीबी होता. सहा महिन्यांचं औषध. पहिल्या दिवशी पायपीट गेला, आठवडाभराच्या गोळ्या दिल्या, नवऱ्याला म्हणाला, “काळजी करू नका, दर मंगळवारी येईन, समोर बसून गोळ्या देईन.” पुढच्या मंगळवारी पाय दुखत होते. त्याच्या पुढच्या मंगळवारी बैठक होती. मग सवय झाली. दर मंगळवारी तिच्या नावापुढे एकच ओळ पडायची: भेट दिली, गोळ्या समोर दिल्या, प्रकृती ठीक. अशा एकवीस ओळी. गोळ्या केंद्रातल्या कपाटात तशाच. रजिस्टरात बाई मात्र दिवसेंदिवस सुधारत होती.

आणि अचानक निरोप आला. उद्या सकाळी तपासणी. पथक रजिस्टर बघणार, रोग्याच्या घरचं कार्डही बघणार. दोन्ही जुळलं नाही तर पायपीटचा करार संपला. घरात म्हातारे आईवडील, दोन लेकरं.

तारीख अठ्ठावीस मार्च, मंगळवार. रात्रीचे दहा चाळीस. अमावस्या वगैरे काही नव्हती, चांगला अर्धा चंद्र वर होता. निघण्याआधी त्यानं हातासरशी आजचीही ओळ लिहून टाकली. बाविसावी. पिशवीत शाईचा पॅड आणि पेन घेतलं. सायकलवर टांग मारली.

“गोळ्या?” नर्सनं विचारलं.

“नाही घेतल्या. तो अंगठा आणायला निघाला होता ना.”

खाणीचा रस्ता म्हणजे पांढरी धूळ. माणूस चालला तरी पावलं उमटतात. अकराला त्यानं कडी वाजवली. नवऱ्यानं दार उघडलं, कंदील वर धरला.

“या. आज उशीर केलात.”

टोमणा असणार, पायपीटला वाटलं. तो खाली मान घालून म्हणाला, “दादा, चुकलं माझं. इतके दिवस यायला जमलंच नाही.”

“जमलं नाही? दर मंगळवारी तर दारात उभे असता.”

नवऱ्यानं फळीवरून कार्ड काढून पुढे केलं. पायपीटनं ते कंदिलाखाली धरलं. एकवीस तारखा, पुढे बाईचे एकवीस अंगठे. एकवीस सह्या. त्याच्या स्वतःच्या. शेवटच्या अक्षराला तो जी शेपटी काढायचा, तीसुद्धा.

पोरांनो, खरं सांगू? पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं. कोणी का केलं असेना, काम झालं. नोकरी वाचली. माणूस असाच असतो.

मग त्यानं विचारलं, “म्हणजे गोळ्या वेळेवर घेतल्या वहिनींनी?”

“कसल्या गोळ्या?” नवऱ्याचा आवाज चढला. “रिकामी मूठ तिच्या तोंडाशी नेता. म्हणता, गिळ. ती बिचारी गिळते. मी म्हटलं, साहेब, हातात काहीच नाही. तर तुम्ही म्हणालात, कागदावर आहे.”

“दादा, तो मी नव्हतो.”

“तोंडाला मास्क असला म्हणून आवाज ओळखू येत नाही का मला? एकदा तुमच्या पाया पडलो, तिला मोठ्या दवाखान्यात न्या म्हणालो. तुम्ही म्हणालात, ठीक आहे. प्रकृती ठीक.” त्यानं भिंतीला टेकवलेला घण उचलला. “आज पुन्हा रिकामी मूठ काढलीत, तर ह्या घरातून तुम्ही चालत बाहेर जाणार नाही.”

कोपऱ्यात खाटेवर ती होती. बाई कसली, चादरीखाली चार काड्या. पायपीटला बघून ती कशीबशी उठून बसली. तिनं नुसतं तोंड उघडलं. आणि वाट बघत राहिली.

त्यानं पिशवीत हात घातला. पॅड. पेन. बस.

आता त्याची मूठही रिकामीच होती.

“मी… मी जाऊन घेऊन येतो. अर्ध्या तासात…”

तेवढ्यात बाहेर कडी वाजली.

नवऱ्यानं दाराकडे पाहिलं. मग पायपीटकडे. पुन्हा दाराकडे.

“आरोग्य केंद्रातून आलोय,” बाहेरून आवाज आला.

पायपीटचाच.

कोणी हललं नाही. नवऱ्याच्या हातातला घण हळूच खाली आला. दार लोटलेलंच होतं. ते उघडलं. मास्क. त्याच्यासारखाच शर्ट. मास्कच्या वर डोळे होते, पण माणसाला बघत नव्हते. रकाना बघावा तसे…

तो खाटेकडे गेला नाही. पायपीटपुढे आला. त्याची हनुवटी धरली. थंड नव्हता हात. कोमट होता. स्वतःचा स्वतःला लागतो, तसा.

“तोंड उघडा.”

पायपीटनं उघडलं. का, ते त्याला आजही सांगता येत नाही.

जिभेवर काहीच पडलं नाही.

“गिळा.”

त्यानं गिळलं.

“ठीक,” आवाज म्हणाला.

आणि मग… घरात तिघंच होते.

काका थांबले. डॉक्टरनं रजिस्टर केव्हाच मिटलं होतं.

“मग पुढे?” नर्सनं हळूच विचारलं.

“पुढे तो पळत केंद्रावर आला. सायकलचंसुद्धा भान राहिलं नाही. मला उठवलं, कपाट उघडायला लावलं. दोनच्या सुमाराला आम्ही दोघं गोळ्या घेऊन तिथं पोचलो. पहाटे खडीच्या ट्रॅक्टरमधून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर म्हणाला, पाच महिने काय झोपला होतात? नवव्या दिवशी गेली बाई. नवऱ्यानं एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.”

“आणि तपासणी?”

“झाली ना. त्याच सकाळी. रजिस्टर आणि कार्ड अक्षरशः जुळलं, बाविसावी सहीसुद्धा. शंभर टक्के भेटी! आमच्या केंद्राला प्रशस्तिपत्र मिळालं. फ्रेम करून लावायला सांगितलं होतं.” काका जमिनीवर थुंकले. “पायपीटनं त्याच महिन्यात नोकरी सोडली. दुकान काढलंय आता. भेटतो कधीमधी. दाढी वाढवलीय, पण हनुवटीवर तीन ठिकाणी केसच येत नाहीत. एका बाजूला अंगठ्याएवढी जागा, दुसऱ्या बाजूला बोटांएवढ्या दोन. चामडीच्या चार डॉक्टरांना दाखवून झालं. मागे एकदा मी म्हटलं, बघू रे. तर त्यानं आपलाच उजवा हात वर केला आणि त्या जागांवर बोटं ठेवली.

“चपखल बसली.”